चलथाणच्या बाजारातला हुरडा

त्या हिवाळ्यात माझी देवावरची श्रद्धा उडाली होती असं नाही म्हणणार, पण ती फार थकली होती. संध्याकाळी तुळजाभवानीच्या तसबिरीपुढे हात जोडून मी नुसती उभी राहायचे. मागायचं तेवढं मागून झालं होतं. दिवाळीच्या आधी परभणीकडच्या गावी माझे सासरे वारले आणि सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, आम्ही सुरतला पर्वत पाटियाजवळच्या खोलीवर घेऊन आलो. आल्या तशा त्यांनी खाणं सोडलं. रुसून नाही, हट्टानं नाही. ताट पुढे ठेवलं की घास चिवडायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे बाई, उतरंना घशाखाली." डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, पण रोग काही सापडला नाही. "पोटात अन्न गेलं नाही तर त्या फार काळ काढणार नाहीत," एवढं मात्र त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

त्या वर्षीच्या प्लेगच्या भीतीनं सुरतेतून गावाकडे पळालेली माणसं एव्हाना परत आली होती आणि कापडाचे यंत्रमाग पुन्हा धडधडत होते. हे मागावरून यायचे ते पाय सुजवूनच. मी घरी साड्यांना टिकल्या लावायचे. ते काम बाजूला सारून मी सुरतेचे बाजार पालथे घालायला लागले. कशानं तरी म्हातारीच्या जिभेला चव येईल, एवढीच आशा. नाक्यावरून वाफाळता लोचो आणला, त्यांनी बोट लावून बाजूला सारला. कतारगामहून खमण आणलं, पुढे घारी, सेवखमणी, कंद घातलेलं उंधियु. नवीन लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं केवळ खायला म्हणून बाहेर पडायचो, गाडीगाडीवर थांबत, हसत. आता त्याच गाड्यांवरून पुडी बांधून घेतली की मी तडक घराकडे वळायचे. आणलेलं टाकवत नसे, म्हणून शेवटी मीच गिळायचे आणि गिळता गिळता रडू यायचं.

सुरतेजवळच्या चलथाणला साखर कारखान्याच्या ऊसतोडीला आमच्या गावाकडची काही माणसं आली होती. "एकदा मायला तिकडं नेऊ. आपली माणसं बघून बरं वाटंल तिला," हे म्हणाले. सुट्टीच्या दिवशी जीपनं गेलो. तिथल्या बायकांनी आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडून घेतलं, भाकरी-ठेचा पुढे केला, "खा की वं माय" म्हणून विनवलं. आत्याबाईंनी ताटाला नमस्कार केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुपार कलल्यावर आम्ही परत निघालो. बाजाराच्या रस्त्यावर वाहनाची वाट बघत उभे होतो, तेवढ्यात आत्याबाई मटकन खाली बसल्या. चेहरा पांढराफटक. हे पाणी आणायला धावले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मनात म्हणाले, आई भवानी, माझ्याच्यानं होत नाही आता. तुझं तू बघ. त्यात भक्ती नव्हती. ओझं हातातून सुटावं तसे ते शब्द सुटले.

शेजारी पोंकाची भट्टी लागली होती. आपल्या हुरड्याला तिकडे पोंक म्हणतात. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची, पिशवीत घालून काठीनं बडवायची आणि सुटलेले दाणे तिखट शेवेबरोबर खायचे. भट्टीवरची बाई हातातलं काम टाकून आली. "आवो बा, अहीं बेसो," म्हणत तिनं आत्याबाईंना उचलून खाटेवर बसवलं. हे पाणी घेऊन आले, दोन घोट पोटात गेले. खाटेच्या दुसऱ्या टोकाला त्या बाईचे सासरे बसले होते. म्हाताऱ्यांचा उजवा हात लुळा पडून मांडीवर होता. बाई पुन्हा पिशवी बडवायला लागली. आत्याबाई बघत राहिल्या आणि अचानक बोलल्या, "हुरड्याला असं बडवीत असत्यात व्हय? चोळावं लागतं."

मी दचकलेच. म्हाताऱ्यांना शब्द कळले असतील-नसतील. आत्याबाई तळवे एकमेकांवर घासून दाखवत होत्या, ते मात्र त्यांनी पाहिलं. आपल्या लुळ्या हाताकडे बोट करून ते म्हणाले, "मारो हाथ चालतो नथी, बेन. तमे करी आपो."

बाईनं निखाऱ्यातलं गरम कणीस आत्याबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवे दाणे म्हाताऱ्यांच्या डाव्या तळव्यावर ओतले. त्यांनी खाल्ले, हात पुन्हा पुढे केला. दुसरं कणीस, मग तिसरं. आत्याबाईंचे तळवे काळे झाले. पोट भरल्यावर म्हातारे म्हणाले, "हवे तमे." आता तुम्ही खा, असं.

आणि आत्याबाईंनी खाल्लं. मूठभर, मग आणखी मूठभर.

जीपमध्ये त्या ह्यांना म्हणाल्या, "तुझ्या बापानं खाल्ल्याबिगर म्या कधी घास घेतला न्हाई रे. तुम्ही समदे मला खा खा म्हणता. वाढू कुणाला?" ह्यांनी मान खिडकीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी मी पिठाचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि टिकल्यांच्या कामाला बसले. त्यांनी भाकऱ्या थापल्या, आधी लेकाला वाढलं, मला वाढलं, मग स्वतः जेवल्या. पुढे आणखी काही वर्षं त्यांच्या हातचं आम्हाला मिळालं.

मी सगळं माझ्या हातानं करू पाहत होते, आणि त्यांचे हात मात्र रिकामे ठेवले होते. ते मला दिसलं नव्हतं. माझे हात टेकले तेव्हा कुठे देवीला वाट मिळाली, असं मला वाटतं. कुणाला पटावं असा आग्रह नाही.

हंगाम संपायच्या आत मी नारळ घेऊन चलथाणला गेले. म्हातारे खाटेवरच होते. सगळी हकिकत सांगून मी त्यांच्या पाया पडले. ते संकोचले, पाय ओढून घेत म्हणाले, "में शुं कर्युं? मने तो भूख लागी हती, बेन."

मी त्या भुकेलाही नमस्कार केला आणि सावकाश स्टँडकडे चालू लागले.