कातरणीपर्यंतचा टिळा

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मागे एकाला सांगताना त्याच्या नाकातून चहा आला होता!

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला. मी सोलापुरात नवा मास्तर, विषय इतिहास. दुधनीच्या एका आडत्याची मुलगी मी एका लग्नात पाहिली आणि पुरता खुळा झालो. आता तिचे वडील मला बघायला आलेले. सगळं त्यांच्या होकारावर!

"मास्तर, जुन्या देवळांचं तुमाला लई म्हाईत हाय म्हनं?"

"मामा, दगड बघून शतक सांगतो!"

गप्प बसायला काय झालं होतं मला? भर मे महिन्यात, दुपारी बाराला, मामांना घेऊन बार्शी रस्त्याच्या एका फाट्यावर उतरलो. पुढे दोन मैल पायी. सोलापूरचं ऊन ठाऊक आहे ना? छत्री उघडली तर छत्रीच सावली शोधते!

देऊळ म्हणजे चार खांब आणि बिनमुंडक्याचा नंदी. गाभारा रिकामा.

"मास्तर, देव कुटं हाय?"

आली पंचाईत! मला तरी कुठं माहीत? तेवढ्यात ओट्यावर एक दगड दिसला. लालभडक, तेलकट, ओला.

"हा काय मूळ देव! हजार वर्षांचा. आज सकाळीच पूजा झालेली दिसतेय."

चपला काढून पाच प्रदक्षिणा घातल्या. फरशी नुसती तापलेला तवा. मामा उड्या मारत होते, मला वाटलं भक्तीनं! मग त्यांनी दगडावर बोट फिरवून माझ्या कपाळावर ठसठशीत टिळा ओढला.

"आमच्यात विभूती लावत्यात. पर देवाचं हाय, न्हाय कशाला म्हनायचं?" म्हणत स्वतःलाही लावला.

"आवं सायेब, काय करताय?" मागून एक मेंढपाळ ओरडत आला. "त्या दगडावर मी मेंढरांचा रंग कालवतो की!"

"कसला रंग?"

"खुणंचा. कंचं मेंढरू कुणाचं, कळाया नगं?"

त्याच्यामागं चाळीस मेंढरं उभी. प्रत्येकाच्या कपाळावर आमच्यासारखाच टिळा!

"धुतल्यावर जातो ना?" मी विचारलं.

"छ्या! लोकर कातरायची येळ येती, त्या कातरणीपातुर हालत न्हाय."

परतीच्या एसटीत मामा माझ्यापासून चार बाकं लांब बसले आणि स्टँडवरूनच दुधनीला गेले. घरी रॉकेल झालं, चिंच झाली. कातडी सोलली, रंग जागचा हलला नाही. लग्न मोडलं म्हणून मला खरंच रडू फुटलं.

आठव्या दिवशी मामा दारात! कपाळ अजून तसंच लाल. थेट आईला म्हणाले, "पोरगी दिली. काय करनार? खूण माज्याच हातची हाय, आता दुसऱ्याच्या कळपात कसं सोडू?"

आईनं साखर वाटली. मी मेंढरासारखा मान खाली घालून उभा.

रंग महिनाभरात गेला हो. पण घरातून बायकोची हाक आली की अजूनही मान तश्शीच खाली जाते आणि पाय आपोआप घराकडे वळतात. थांबा... आलीच हाक. निघतो!