सात माणसांचं मशीन

सुरतेतल्या लिंबायतच्या ज्या गल्लीत सुभद्राबाई राहते, तिथं घरात किती माणसं आहेत असं विचारलं तर कुणी पटकन उत्तर देत नाही. आधी बोटांवर मोजतात, मग उलट विचारतात, "आजची सांगू का कालची?" कारण गावाकडून कुणी ना कुणी आलेलं असतंच. कुणी पारोळ्याकडचं, कुणी अमळनेरकडचं. सुरतेला उतरलं की पिशवी नात्यातल्या घरी टेकवायची आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम लागेपर्यंत तिथंच जेवायचं. काम लागल्यावरही तिथंच जेवायचं. अशा माणसाला कुणी पाहुणा म्हणत नाही, भाडेकरूही म्हणत नाही. पोळ्या मात्र त्याच्याही लाटाव्या लागतात.

सुभद्राबाई स्वतः अशीच आली होती. अडतीस वर्षं झाली. नवरा धुडकू, एक ट्रंक आणि पोटात लखन. लांबच्या नात्यातल्या प्रमिलाबाईकडे अकरा महिने राहिली. प्रमिलाबाईच्या घरात तेव्हा एकोणीस माणसांची कणीक मळली जायची. तिसऱ्या दिवशी सुभद्रानं परात आपल्याकडे ओढली. कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं बसून जेवताना घास घशाखाली उतरेना, म्हणून ओढली. ती परात जी हाताला चिकटली ती, वेगळं घर झालं, सुना आल्या, नातवंडं झाली तरी सुटली नाही. लाटायला सोनाली, भाजायला हर्षदा, पण मळायला सुभद्राबाईच. शाळा दुसरीपर्यंत, हिशेब बोटांवरचा, पण पिठात बोट दाबून खळगा किती हळू वर येतो त्यावरून ती सांगायची, "अजून चार हात मार," नाहीतर "झालं, झाक आता."

तर यंदा उन्हाळ्यात त्या हाताचं मनगट गेलं. रात्री मुंग्या यायच्या, सकाळी तांब्या धरवेना. डॉक्टरनं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, कणीक मळणं बंद."

"किती दिवस?"

"बंद म्हणजे बंद."

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा सगळे फार चांगलं वागले. इथूनच तिचं डोकं तापायला सुरुवात झाली. थोरला लखन म्हणाला, "माय, तू बस. आम्ही करतो सगळं." धाकटा हेमराज म्हणाला, "मशीन येतं आता कणीक मळायचं. स्टँड मिक्सर." दोघं भाऊ खाटेवर मोबाईल घेऊन बसले. दुकानवाल्यानं मोबाईलवर विचारलं होतं, घरात माणसं किती. लखननं काहीतरी पुटपुटत मोजलं आणि आकडा टाकला. सुभद्राबाई चार हातांवर भाजी निवडत बसली होती. अडतीस वर्षं जिनं पीठ मळलं तिला कुणी विचारलं नाही की बाई, तू एका वेळेला पीठ घेतेस किती.

मंगळवारी मशीन आलं. लालभडक, गुळगुळीत, डोकं मागं टाकून उभं. खाली चकचकीत पातेलं, वरून लोंबणारा एक आकडा. सोनालीनं हळदीकुंकू वाहिलं. पोरांनी बटणं दाबून पाहिली. सुभद्राबाईनं पातेल्यात वाकून पाहिलं आणि तिला वाटलं, एवढ्यात तर माझ्या घरचं वरण बसत नाही. पण बोलली नाही. आम्ही करतो म्हणाले ना, करा.

बुधवारी सकाळी पाच वाजता सोनालीनं रोजच्या मापानं पीठ टाकलं, पाणी टाकलं, बटण फिरवलं. मशीननं दोन फेऱ्या घेतल्या आणि कण्हायला लागलं. मग ओट्यावरून चालायला लागलं. सोनालीनं धावून दोन्ही हातांनी धरलं तर ते तिच्यासकट थरथरायला लागलं. तळाला पीठ कोरडं, वर गोळा आकड्यावर चढलेला, आणि मागून जळका वास.

"बंद कर ते," सुभद्राबाई म्हणाली. "मळायचा त्रास वाचला आणि मशीन धरून ठेवायचा आला."

लखन अंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून आला. पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही पीठ जास्त टाकलं. हे सात माणसांचं मशीन आहे."

"आपण सात आहोत का?"

"हे बघ ना माय. मी, सोनाली, हेमराज, हर्षदा. चार झाले. पोरं चार, पण ती अर्धी अर्धी धरली. सहा. तू आणि बापू मिळून एक. सात."

"मिळून एक?"

"तू कुठं जेवतेस एवढं? दीड पोळी. बापूला तर डॉक्टरनंच कमी खायला सांगितलंय."

सुभद्राबाई रागावली की अहिराणीवर येते. "मी कितल्या पोया खास, हाई तू मोजस का रे? आनि मळस कितल्या, ते नही मोजं कधी?"

लखन हसला. त्याला वाटलं मायनं गंमत केली.

"आणि उखा?" तिनं विचारलं.

उखा म्हणजे धुडकूच्या चुलत्याचा मुलगा. पंचेचाळिशीचा माणूस, बायकापोरं गावाला. दोन वर्षांपासून याच घरी माळ्यावर झोपतो, दिवसपाळीला लूमवर जातो, दर रविवारी न सांगता मेथी आणि वांगी घेऊन येतो आणि स्वतः निवडून देतो. त्या वेळी तो बाहेर पायरीवर चहा पीत बसला होता.

लखननं दाराकडं बघून आवाज उतरवला. पण दहा वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाचा आवाज उतरून उतरणार किती? "उखाकाका काय, खोली बघतोच आहे. तोवर मेसचं बघ म्हणून सांगू. तुझा हात असा, मग अजून एक माणूस कशाला?"

बाहेर कप विसळल्याचा आवाज आला. उखानं कप मोरीत पालथा घातला, चपला घातल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी डबा भरून ठेवला होता तो तसाच राहिला. "मेसला सांगून टाकलं, वहिनी," तो जाता जाता म्हणाला. "तुमच्या हाताला आराम पडेल."

हे तिला फार लागलं. उखाचं नाही लागलं, तो बिचारा दुसरं काय म्हणणार. लागलं ते हे, की कमी करायचा होता माणूस आणि पुढं केला तिचा हात. तिच्या हातानं आजवर ताटावरून कुणाला उठवलं नव्हतं. तिच्या हाताला विचारलं असतं तर त्यानं नाही म्हटलं असतं.

 धुडकूनं दोनदा विचारलं, काय झालं. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून दोन्ही वेळा तिनं नुसतं हातानं "काही नाही" केलं, आणि धुडकूला संसारातलं एवढं कळतं की असं दोनदा झालं की टीव्ही बंद करून बसायचं.

संध्याकाळी लखन आला तेव्हा मशीन खोक्यात भरून दाराशी ठेवलेलं होतं आणि सुभद्राबाई चांगलं लुगडं नेसून, पिठाचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"बदलून आणायचं आहे. रिक्षा बोलाव."

"माय, तू बस घरी. मी जातो ना."

"तूच मागवलं होतंस की एकदा."

उधन्याचं ते दुकान बर्फासारखं गार. दारातच एका पोरीनं तिला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि लखनला आत नेलं. म्हणजे इथंही तेच. ती सरबताचा ग्लास घेऊन उठली आणि मागोमाग गेली.

विकणाऱ्यानं खोकं उघडून नाक मुरडलं. "आ तो वापरेलो माल छे, मासी."

"मग न वापरता कसं कळायचं? कणकेला लांबून दाखवायचं होतं का?"

बराच वेळ झाला. मोठा साहेब आला, तो गेला, पुन्हा आला. मोठं मशीन घेणार असाल तर हे परत घेतो म्हणाला. विकणाऱ्याचा चेहरा लगेच बदलला. "बोलो मासी, घरमां केटला जण छे?"

लखननं तोंड उघडलं. सुभद्राबाईनं त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

"अकरा," लखन म्हणाला.

"सगळी अख्खी," ती म्हणाली.

अकरा म्हटल्यावर विकणाऱ्यानं थेट दहा लिटरचं समोर आणलं. केवढं थोरलं, हलवायाच्या दुकानात शोभेल असं. लखनचे डोळे चमकले. सकाळी चुकलेला माणूस संध्याकाळी हटकून दुसऱ्या बाजूला चुकतो. "हेच घेऊ, माय. परत कटकट नको."

"दुपारी आम्ही दोघं, सोनाली आणि दोन धाकटी असतो," सुभद्राबाई विकणाऱ्याला म्हणाली. "तीन वाट्या पीठ. एवढं मळेल का हे?"

"मोटामां बधुंय थाय, मासी." मोठ्यात सगळंच होतं म्हणे.

"मग करून दाखव."

आता पंचाईत झाली. दाखवायला ठेवलेल्या तसल्याच मशीनमध्ये ते केकचं क्रीम फिरवून दाखवत होते. पांढरं फसफसून वर आलेलं, बघायला आलेल्या बायका माना डोलावत होत्या. "डब्यात क्रीम कोण नेतं आमच्याकडं?" सुभद्राबाईनं विचारलं आणि स्टीलचा डबा उघडून काउंटरवर ठेवला. विकणारा साहेबाकडं बघायला लागला. साहेब छताकडं बघायला लागला. शेवटी पातेलं धुऊन आणलं.

तीन वाट्या पीठ त्या थोरल्या पातेल्यात पडलं तर तळाला नुसती पावडर लावल्यासारखं दिसलं. आकडा वरच्या वर फिरत राहिला. पीठ भिंतीला गेलं, पाणी मधे राहिलं.

"थोडुं वधारे लोट नाखो," विकणारा म्हणाला. अजून पीठ टाका म्हणजे.

"म्हणजे तुझ्या मशीनला पुरावं म्हणून मी जास्त जेवू?" ती म्हणाली. "कमीत कमी किती पीठ लागतं हे तुला माहीत नाही. जास्तीत जास्त किती ते माझ्या पोराला माहीत नव्हतं. मग तुम्ही दोघं मोबाईलवर बोललात तरी काय?"

लखन म्हणाला, "माय, हळू. लोकं बघतात."

"बघू दे. त्यांनाही घ्यायचं असेल."

मग तिनं समजावून सांगितलं, आणि सांगताना तिला अजूनच राग येत गेला, कारण हे घरातल्या कुणीही सांगू शकलं असतं. अकरा माणसं एकदम जेवतात ती लग्नात. तिच्या घरी सकाळी सहाच्या आत लखनचा आणि उखाचा डबा आणि शाळेची पोरं, त्याला किलोभर. आठला हेमराज रातपाळीहून येतो, हर्षदा मार्केटच्या नोकरीला निघते, त्याला पुन्हा अर्धा किलो. दुपारी तीन वाट्या. संध्याकाळी पुन्हा किलो. "माणसं विचारू नको. एका वेळेला पीठ किती ते विचार. आणि कमीत कमी किती, तेही विचार."

विकणाऱ्यानं सात लिटरचं आणलं. तिनं आधी मशीनच्या डोक्यावर डावा हात ठेवून हलवून पाहिलं. जड होतं, बूड घट्ट. मग किलोभर पीठ टाकायला लावलं. ते गुरगुरलं पण जागेवरून हललं नाही. सात मिनिटांनी तिनं गोळ्यात बोट दाबलं. खळगा सावकाश वर आला. मग दुसरा घाणा तीन वाट्यांचा. आकड्यानं तोही गोळा करून आणला, जरा उशिरा, पण आणला.

"हे," ती म्हणाली.

"मासी, तुम्ही दुसऱ्या कस्टमरनेपण असंच समजावा ना," विकणारा म्हणाला.

"पगार तुला आहे," सुभद्राबाई म्हणाली, आणि मळलेली कणीक डब्यात भरून घेतली. दुकानात कशाला सोडायची?

रिक्षात लखननं मशीन मांडीवर धरलं होतं. उड्डाणपुलाखालच्या गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा तो म्हणाला, "मी काही वाईट मनानं नाही मोजलं, माय."

"माहितीय मला. चांगल्या मनानं मोजलंस म्हणून तर राग येतो. वाईट मनानं मोजलं असतंस तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते."

 

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिनं सोनालीला झोपू दिलं आणि लखनला उठवलं. पीठ त्यानं घातलं, पाणी त्यानं घातलं, पहिल्यांदा जास्त झालं, मग पीठ वाढवलं. ती स्टुलावर बसून सांगत होती आणि हात मांडीवर ठेवला होता, अधेमधे तो आपोआप परातीकडं जायचा. उखा अंधारातच निघून गेला होता. त्याचा डबा भरून तिनं लखनच्या हातात दिला.

"त्याच्या लूमवर नेऊन दे. तूच दे."

"काय सांगू?"

"जेवायला लागतं का काही सांगायला?"

लखननं दिला की गेटवर ठेवून आला, त्यानं काय म्हटलं, उखानं काय म्हटलं, हे तिनं विचारलं नाही. दिवसभर कामात लक्ष मात्र नव्हतं. मेथी निवडताना काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली.

साडेसातला उखा आला. डबा घासून पुसून आणला होता. दारातच उभा राहिला, आत येऊ की माळ्यावर जाऊ असं करत.

"वहिनी," तो म्हणाला, "पोळी आज जरा वातड झाली होती."

"लखननं मळलीय. त्याला सांग."

"त्याला काय सांगायचं. पहिल्यांदा तर मळतोय." उखानं चपला काढल्या. मग जरा थांबून म्हणाला, "मेसवाल्याला आता काय सांगू?"

"सांग, आमच्या घरी मोजायला चुकलं होतं," सुभद्राबाई म्हणाली. "आणि हात धुऊन घे. पोळ्या गार होतात."