मनायाच्या आईचा नमुना

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. रिपेका वाका हातमोजे चढवून यंत्रापुढे उभी आहे. जनुकांचं वाचन संपलं आहे. पडद्यावर दोन वर्षांच्या एका मुलाची आणि त्याच्या आईची जनुकं उतरली आहेत, आणि ती आई-मुलासारखी जुळत नाहीत. सलग दुसऱ्यांदा.

ऑकलंडच्या या प्रयोगशाळेत रिपेका अकरा वर्षं आहे. तिला रुग्ण दिसत नाहीत, नळ्या दिसतात. घरी वाट पाहणारं कोणी नसल्याने ती लवकर येते आणि उशिरा जाते. शुक्रवारी बिअरला येतेस का, हे विचारणं सहकाऱ्यांनी केव्हाच सोडलं.

मुलाचं नाव मनाया. त्याला फिट्स येतात आणि औषध चालू असूनही त्या वाढत आहेत. त्याच्या एका जनुकात बदल सापडला आहे. तो आईवडिलांत नसेल तर तोच आजाराचं मूळ, आणि मग चालू औषध थांबवायला हवं, कारण या आजारात तेच फिट्स वाढवतं. धडधाकट आईवडिलांतही तो असेल, तर कारण बहुधा दुसरं. नवरा वारला असं आईने सांगितल्यामुळे रक्त फक्त तिचंच आलं होतं. पहिल्या खेपेला नळ्यांची अदलाबदल झाली असावी असं धरून रिपेकाने ते पुन्हा मागवलं होतं.

विभागप्रमुख कॅलम मागून डोकावला. "परत तेच? डोळे मिटून रक्त काढतात की काय तिथे! मागव तिसऱ्यांदा."

तिने मागवलं. अकरा वाजता कॅलमचाच फोन आला.

"खाली एक बाई आल्यात. तुला भेटायचंय म्हणे."

"मी रुग्णांना भेटत नाही."

"सांगून झालं. त्या तळलेला पाव खात बसल्यात. हलायचं लक्षण दिसत नाही."

मनायाची आई माकारेता पन्नाशीची होती. तिसऱ्यांदा रक्त मागितल्याचं कळताच शहराच्या दक्षिण टोकाच्या मांगेरेहून बस बदलून आली होती.

"तूच का माझं रक्त पिणारी? दोनदा दिलं. आता काय, बादली आणू?"

सकाळी रिपेकाने एक आकडा पाहून बाजूला सारला होता. परक्या बाईचं रक्त मुलाशी जुळलंच नसतं आणि आईचं निम्मं जुळलं असतं. हे पाव हिस्सा जुळत होतं, जवळच्या नातलगाइतकं.

"ताई, मनायाला जन्म कोणी दिला?"

"बहिणीनं. तिला चार होती, मला एकही नाही. तीन दिवसांचा आणला मी." माकारेताने बोटं पुसली. "पण त्या नर्सनं विचारलं, आई कोण. आई मी आहे."

नात्यातलं मूल उघडपणे घेऊन आपलं म्हणून वाढवायचं, याला माओरी घरांत फांगाई म्हणतात. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. रिपेकालाही आजीच्या बहिणीने वाढवलं होतं. प्रयोगशाळेत हे कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

"मीसुद्धा फांगाई," ती म्हणाली.

"आणि तरी मला दोनदा टोचून घ्यायला लावलंस?"

रिपेकाने औषधाचं सांगितलं. रक्त लागणार होतं ते बहिणीचं आणि मेहुण्याचं. माकारेताने पावाच्या पिशवीचं तोंड दुमडलं.

"म्हणजे पोर त्यांचं आहे, असं मीच माझ्या तोंडानं म्हणायचं." मग तिने विचारलं, "तुझी जन्म देणारी तुला न्यायला आली कधी?"

"नाही. पर्थला असते. वाढदिवसाला फोन करते."

"आणि जिनं वाढवलं, ती?"

"गेली."

"मग आता तुझं कोण?"

"काम असतं," रिपेका म्हणाली.

माकारेताने उरलेल्या पावाची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि उत्तरेकडच्या काइकोहे गावी बहिणीला फोन लावला. "ऐक. तुम्हा दोघांचं रक्त पाहिजे, पोराच्या औषधासाठी. आणि नीट ऐक. रक्तच फक्त." पलीकडचं बोलणं रिपेकाला ऐकू आलं नाही. माकारेता दोनदा "हं" म्हणाली आणि डोळे पुसण्याआधी तिने फोन आपल्या पर्समध्ये टाकला.

दुपारी मनायाच्या डॉक्टरांनी काइकोहेच्या दवाखान्याला रीतसर कळवलं. संध्याकाळी दोन नळ्या निघाल्या. रिपेकाने पाव गाडीतळावर, गाडीत बसून खाल्ला.

औषध थांबवायचं की नाही हे ठरवणाऱ्या त्या नळ्या घेऊन कुरियर उद्या नऊला येईल. त्याआधी, आठ वाजता, मनायाला जुन्याच औषधाचा डोस द्यायचा आहे.