मागच्या सीटवर वन्सं

आमच्या गारखेड्यातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना सहलीला न्यायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, हे मला आजही कळलेलं नाही. एकदा मी फक्त "तिकिटांचं मी बघते" म्हणाले होते. तेव्हापासून ट्रेनमधल्या खालच्या बर्थपासून कुणाच्या पथ्याच्या भाकरीपर्यंत सगळं मीच बघते. प्रत्येक सहलीवरून आल्यावर मी शपथ घेते की आता पुन्हा नाही. ती शपथ साधारण पुढच्या चहापर्यंत टिकते.

यावेळचं खूळ मात्र माझं नव्हतं. ते वन्संचं होतं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सिल्लोडच्या अलीकडं त्यांची कापूस-मक्याची मोठी शेती आहे. साठीला आलेल्या, अंगानं किरकोळ, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या. दिवाळीला आमच्याकडं आल्या होत्या. जेवणं झाली, भांडी आवरली, आणि त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक अजब यंत्र उडत होतं. रिक्षाचं टप काढून तिच्यावर भलामोठा पंखा बसवावा, असं काहीसं. ना छप्पर, ना दार. पुढं पायलट, मागं एक बाई, आणि दोघांच्या पायाखाली सगळी हिरवी शेतं.

"हे काय हाय गं?"

"जायरोकॉप्टर," मी खाली लिहिलेलं वाचून सांगितलं.

"मला ह्यात बसायचंय."

"वन्सं, अजून साध्या विमानात बसला नाहीत तुम्ही!"

"त्यात खिडकी बंद असती. मला वारा लागला पाहिजे."

इतकं सरळ त्यांनी आयुष्यात कधी काही मागितलं नसेल. मला तर आनंदानं उड्याच माराव्याशा वाटल्या. मी तिथंच ठरवलं की काहीही झालं तरी वन्संना वारा लागलाच पाहिजे.

अडचण एकच होती. दाजी. वन्संचे यजमान. माणूस वाईट नाही हो, उलट फार जीव लावणारा. पण त्यांचं जीव लावणं हुकमाच्या वाटेनंच बाहेर पडतं. हे खाऊ नको, तिथं उभी राहू नको, ऊन आहे, गार आहे. बाईमाणूस परदेशात एकटी कशी जाईल म्हणून ते स्वतःही यायला निघाले, आणि निघतानाच त्यांनी जाहीर केलं, "ती काय बसायची नाय त्यात. खालून बघंल. तिला चक्कर येती." वन्संना चक्कर आलेली मी कधीच पाहिलेली नाही. घाटात उलटी दाजींनाच होते.

शोधता शोधता थायलंडच्या उत्तरेला एका तळ्याकाठी असं यंत्र उडवणारी धावपट्टी सापडली. थायलंडचं नाव काढताच आमच्यातल्या पुरुषमंडळींचे चेहरे फुलले आणि बायकांचे बारीक झाले. मग शेजारचे निवृत्त प्राध्यापक मदतीला धावले. त्यांच्या घरी बुद्धवंदना असते, तिकडचे विहार बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. "विहार बघायचे आणि उडायचं," असं म्हटल्यावर सहलीला एकदम सात्त्विक रंग आला. धावपट्टीच्या मालकीणबाईंनी प्रत्येकाचं वजन कळवायला सांगितलं, तेव्हा पुन्हा बोंब. बायकांनी मला एकेकीनं कानात सांगितलं, आणि जे सांगितलं ते बहुतेक लग्नातलं होतं. मी सगळ्यांच्या वजनात आपल्या मनानं भर घातली. तिथल्या काट्यावर माझा अंदाज इतका बरोबर निघाला की दोघीजणी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तर त्या सकाळी आम्ही धावपट्टीवर पोचलो. पट्टी कसली, गवताचं लांबलचक मैदान आणि एका टोकाला सिमेंटचा चौथरा. चौथऱ्यावर ते यंत्र उभं. लाल, चकचकीत. धुकं नुकतंच उठलं होतं आणि तळ्यावरून गार वारा येत होता. आम्ही सगळे शाळेच्या पोरांसारखे खिदळत होतो. मालकीणबाई मोठी गवती टोपी घालून हसतमुखानं आल्या. म्हणाल्या, ऊन चढलं की हवा उसळायला लागते, मग उडणं बंद. म्हणून भराभर आटपायचं. मग त्या पायलटला बोलवायला आत गेल्या.

आता आपल्याकडं नवीन गाडी असो, ट्रॅक्टर असो की बोअरचं मशीन, त्याला हळद-कुंकू लागल्याशिवाय कुणी हात लावत नाही. दाजी तर लावूच देत नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी बाजारात आम्हाला घाम फुटेस्तोवर फिरवलं होतं. पाण्याची शहाळी ढिगानं होती, पण त्यांना शेंडीवाला नारळच हवा होता, आणि अखेर तो त्यांनी मिळवला. मालकीणबाईंची पाठ वळताच त्यांनी पिशवीतून सगळं साहित्य काढलं. यंत्राच्या नाकावर स्वस्तिक. तिन्ही चाकांखाली लिंबं. कापूर मात्र मी हिसकावून घेतला, कारण पेट्रोलच्या टाकीशेजारी आरती होणार होती. तेवढ्या गडबडीत माझं लक्ष हटलं, आणि दाजींनी पुढच्या चाकासमोर सिमेंटवर खाडकन नारळ फोडला.

नारळाच्या ठिकऱ्या चहूकडं उडाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मालकीणबाई टोपी उडाल्याची पर्वा न करता ओरडत धावत आल्या.

मागून पायलट आला. उंच, पोरसवदा, शांत. त्यानं समजावलं ते असं: वरचा पंखा वाऱ्यानं फिरतो, पण यंत्राला ढकलणारा पंखा मागं असतो. चाकानं उडवलेला एखादा टणक तुकडा त्या पंख्यात गेला तर पंखा तुटतो. शेवटचा तुकडा सापडेपर्यंत उड्डाण बंद.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हजारो मैल आलो आणि नारळानं घात केला! वन्संनी पदर खोचला आणि गवतात गुडघे टेकून तुकडे शोधायला लागल्या. मग आम्ही सगळेच रांगायला लागलो. प्राध्यापकसाहेबांनी रुमाल पसरला आणि सापडलेले तुकडे जुळवून नारळ पुन्हा उभा करायला घेतला. "इथला अजून एक हवाय," ते भोकाकडं बोट दाखवत म्हणायचे, आणि आम्ही पुन्हा गवतात. ऊन चढत होतं. एक तुकडा काही केल्या सापडेना. दाजी घामाघूम होऊन स्वतःलाच शिव्या देत होते.

तेवढ्यात माझी नजर माझ्या नवऱ्याकडं गेली. तो एकटाच उभा होता, आणि त्याचं तोंड हलत होतं.

"काय खाताय?"

"प्रसाद," तो म्हणाला. "खोबरं मगाशीच खाल्लं. कुठं टाकायची दिसेना म्हणून करवंटी खिशात ठेवली. आता एवढंसं उरलं होतं दाढेत."

करवंटी निघाली. प्राध्यापकसाहेबांनी ती भोकात बसवली. बरोबर बसली. मालकीणबाईंनी आधी आमच्याकडं पाहिलं, मग रुमालातल्या नारळाकडं, आणि त्या अशा हसत सुटल्या की कमरेवर हात ठेवून खालीच बसल्या. मैदानाच्या कडेला खांबावर त्यांच्या जागेच्या राखणदार देवाचं छोटंसं देऊळ होतं. त्याच्यापुढं झेंडूची माळ आणि लाल सरबताची बाटली ठेवलेली होती, बाटलीत स्ट्रॉसकट. त्यांनी तो रुमाल उचलला आणि नारळ तिथं नेऊन ठेवला. दाजींनी मनोभावे हात जोडले. "देवमाणूस हाय बाई," ते म्हणाले.

मग उड्डाणं सुरू झाली. एकेकजण जायचा आणि केस उभे, डोळे मोठे, अशा अवतारात परत यायचा. माझा नवरा उतरला तो पायलटला मिठीच मारून. प्रत्येक वेळी वन्सं पुढं सरकायच्या आणि दाजी म्हणायचे, "जाऊ दे त्यांना आधी." दाजी स्वतः बसणार नव्हतेच; शेवटी मी आणि वन्सं उरलो. मालकीणबाईंनी हवेची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडं पाहिलं. ती आता चांगलीच फडफडत होती. "एकच फेरी," त्या म्हणाल्या. "मग आजचं बंद." दुसऱ्या दिवशी सकाळीच आमचं परतीचं विमान होतं.

"वैनी, तुम्ही जा," दाजी लगेच म्हणाले. "सगळं तुम्हीच तर जमवलंय. हिला चक्कर येती."

मी त्यांना काही सुनावणार होते, आणि चांगलंच सुनावणार होते. पण वळून बघते तर वन्सं जागेवर नव्हत्या. त्या मालकीणबाईंबरोबर पलीकडच्या खोलीत गेल्या होत्या, कारण साडी नेसून त्या यंत्रात बसता येत नाही. बाहेर आल्या तेव्हा अंगात नारिंगी रंगाचा एकसंध डगला, पायाशी दुमडलेला, डोक्यावर हेल्मेट. हातात साडीची घडी. ती त्यांनी दाजींच्या हातात दिली.

"धरा," त्या म्हणाल्या.

दाजींनी धरली. "मग मीबी बसतो मागं," ते म्हणाले. पायलटनं त्यांना सीट दाखवली. एक त्याची, एक मागची. तिसरी नव्हतीच. दाजींनी यंत्राभोवती एक चक्कर मारून खात्री करून घेतली.

"एकटीच जाणार?"

"व्हय," वन्सं म्हणाल्या, आणि पट्टा आवळायला पायलटपुढं हात वर केले.

यंत्र गवतावरून धडधडत गेलं आणि बघता बघता उचललं. मी वेड्यासारखी हात हलवत, किंचाळत धावपट्टीच्या कडेनं पळाले. नारिंगी ठिपका तळ्यावर वळला, डोंगराकडं गेला आणि दिसेनासा झाला.

इतरांच्या फेऱ्या तळ्यावरून वळून परत आल्या होत्या. ही येईना. आवाजही येईना. दाजी साडी छातीशी धरून उन्हात उभे होते, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. सावलीत या म्हटलं तर हललेसुद्धा नाहीत.

"वैनी," ते मान वर ठेवूनच म्हणाले, "हिला मी एकटीला कधी औरंगपुऱ्याच्या बाजारात बांगड्या भरायलासुदिक जाऊ दिलं नाय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

मग आवाज आला. डोंगराआडून ते लाल यंत्र निघालं, तळ्यावर खाली उतरलं, पुन्हा वर गेलं, आणि डुलत डुलत गवतावर टेकलं. पायलट हसत होता. नंतर त्यानं सांगितलं, तळं संपलं तिथून तो वळणार होता, पण मागून खांद्यावर थाप पडायची आणि एक बोट पुढं दाखवायचं. प्रत्येक वेळी अजून पुढं.

वन्संनी हेल्मेट काढलं. केस सुटलेले, नाक लालबुंद, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू. डोक्यावर पदर नसलेल्या वन्सं मी पहिल्यांदाच बघत होते. मी त्यांना घट्ट मिठी मारली आणि आम्ही दोघी गरगर फिरलो. दाजी साडी घेऊन लगबगीनं आले.

"बरी हाईस ना? चक्कर? मळमळ?"

चक्कर नाही, मळमळ नाही, अशी वन्संनी मान हलवली.

"मग? कसं वाटलं वर?" दाजींनी विचारलं आणि गप्प उभे राहिले. एरवी त्यांचा प्रश्न आणि उत्तर एकाच दमात येतं. आता ते खरंच वाट बघत होते.

"सांगते," वन्सं बाकावर पाय पसरून बसत म्हणाल्या. "आधी जरा चहा आणा."

दाजींनी साडीची घडी हळूच त्यांच्या शेजारी ठेवली आणि चहाच्या टपरीकडं निघाले. थोडं पुढं जाऊन थांबले, वळले.

"साखर किती घेतीस गं तू?"