गोठ्यातला स्पीकर

लेकीनं दिवाळीला दिलेला स्पीकर म्हणजे तांब्याएवढी वस्तू. ना वायर, ना काही. फोनवर भजन लावलं की यातून खणखणीत ऐकू यायचं. मी तो टीव्हीशेजारी ठेवून सकाळी ऐकत बसायचो आणि बायको ओरडायची, "आवाज कमी करा, गाय बिचकतीया." तिचं सगळं गाईपासून सुरू व्हायचं आणि गाईपाशीच संपायचं.

लेक बारामतीत असते. तिचे दुसऱ्या बाळंतपणाचे दिवस भरत आले, सासरी करणारं कुणी नाही, म्हणून बायको महिनाभरासाठी तिकडं गेली. इकडं इंदापूरच्या अलीकडं आमच्या वस्तीवर मी एकटा आणि दावणीला नुकतीच व्यालेली गाय. जाताना बायको दारातून तीनदा माघारी फिरली. "तुमच्याच्यानं व्हईल का धार काढायचं?"

"जा बिनघोर. मी काय कुकुलं बाळ हाय का?"

फार तोरा होता माझा. गाईनं तो पहिल्याच संध्याकाळी उतरवला. भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढं ठेवलं, वासरू सोडलं, कास धुतली, पण पान्हा सोडेल तर शपथ! वासराला दोन घोट दिले आणि बाकीचं दूध चोरलं. वर मान वळवून माझ्याकडं बघायची, हा कोण उपटसुंभ, अशी. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "कास तटलीय. दूध असंच आत राहिलं तर दगडी होईल, कास सुजून एखादा सड कायमचा जाईल." त्यांनी पान्हा सोडायचं इंजेक्शन दिलं, आणि हे रोज द्यायचं नसतं म्हणून दमही दिला.

बायकोला सांगावं, तर ती मिळेल त्या एसटीनं धावत आली असती. जावई कामावर, पहिलं पोर पायात, आणि तेवढ्यात लेकीला कळा सुरू झाल्या म्हणजे? म्हणून मी फोनवर "समदं झ्याक हाय" म्हणत राहिलो आणि इकडं गाईची कास रोज चाचपून बघत राहिलो. जेवण गोड लागत नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, मालकिणीचं लुगडं पांघरून बसा, गाय वासानं फसते. बसलो. गाईनं हुंगलं आणि बादलीला लाथ घातली. कुंपणापलीकडून चुलतभाऊ म्हणतो, "तात्या, पदर सावरा!" माझी अशी सटकली की रिकामी बादली त्याच्या टाळक्यात घालणार होतो.

चौथ्या संध्याकाळी स्पीकर गोठ्यात नेऊन खुंटीला अडकवला. म्हटलं, भजनानं तरी हिचं मन वळेल. भजनानं माझंच डोकं जरा थंड झालं. तेवढ्यात बायकोचा फोन आला. मी उचलला आणि तिचा आवाज कानात यायच्या ऐवजी गोठाभर घुमला, "अहो, जेवलात का?" फोन स्पीकरला जोडलेलाच राहिला होता. मी उठून तो बंद करणार, तर गाईचे दोन्ही कान ताठ. खुंटीकडं तोंड करून ती हंबरली.

पलीकडं तिला ते ऐकू गेलं. मग, "अगं बया! माझी बाय ती! खाल्लंस का गं?"

मी पुन्हा खाली बसून सडाला हात लावला, तर धार आली. बादलीत सरसर वाजायला लागली. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग सगळं कबूल करावं लागलं, बोलणी खावी लागली. पण नेम ठरून गेला. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळेला तिनं फोन लावायचा, मी स्पीकर खुंटीला लावून बादली गुडघ्यात धरायची. ती बोलायची गाईशी. लेकीनं काय खाल्लं, जावयानं चहा केला तो कसा काढा झाला, मग नात झाली ती कुणासारखी दिसते. मला एक शब्द नाही. उभा जन्म ती गोठ्यात अशीच बोलत आली. मी ओट्यावर पेपर तोंडापुढं धरून असायचो, एवढं लक्ष कोण देतो? आता गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसायचो, उठून जायची सोय नव्हती. ऐकता ऐकता मला त्याची गोडी लागली. फोनला पाच मिनिटं उशीर झाला तर गाईआधी मीच चुळबुळ करायचो.

ती परत यायला आठेक दिवस राहिले असतील. त्या संध्याकाळी ती गाईला म्हणाली, "येते गं आता. पण मला पयल्यासारखं खाली बसवत न्हाय, बाय. वरीस झालं. गुडघे पार गेलेत. तुझी धार काढून खांबाला धरून उठते मी. कुणाला सांगायचं?"

माझे हात थांबले. वर्षभर ती खांबाला धरून उठत होती आणि मी दहा पावलांवर बसून होतो. लाज वाटली मला, भयंकर लाज वाटली.

"मला सांगायचं," मी म्हणालो.

बादली खाली ठेवली आणि खुंटीकडं तोंड केलं.

"अहो," ती म्हणाली, "लई दुखतं हो."