गव्हाचा षड्ज

मी गव्हात बरा गातो. बाजरीत थोडा उतरतो. हे मी विनयाने सांगत नाही. विद्यापीठाच्या संगीत विभागप्रमुखांनी भरल्या सभागृहात काढलेला हा निष्कर्ष आहे आणि तो ऐकायला माझे सासरे पहिल्या रांगेत बसलेले होते.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत आम्ही तेव्हाही पहिल्या मजल्यावरच राहायचो आणि बरोब्बर आमच्या खाली भिकाभाऊंची पिठाची गिरणी होती. जागा भाड्याने देताना मालक म्हणाला होता की दळणाची सोय अगदी घरात आहे. त्याचा शब्द खरा निघाला. (आमच्याकडे देवघरातल्या गणपतीपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांवर पिठाचा थर असे. पाहुणे टीव्हीला हात लावून नमस्कार करायचे तेवढे बाकी होते.) मी पाटबंधारे खात्यात कारकून. चाळिशी उलटली की माणसं योगासनांच्या नादी लागतात, नाहीतर शेअर बाजाराच्या. मी गाण्याच्या नादी लागलो आणि संगीत विभागाच्या प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

वर्गात आम्ही सातआठ जण होतो आणि कुलथे मॅडम शिकवायच्या. बाई अतिशय सोशीक. आम्ही सगळे मिळून एकदम भूप गायला लागलो की त्या डोळे मिटून घ्यायच्या. आम्हाला वाटायचं की त्यांची समाधी लागते.

घरी रियाजासाठी मी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. हप्त्याने आणला. पण संध्याकाळी माझा रियाज सुरू व्हायचा आणि त्याच वेळी गल्लीतल्या सगळ्या घरांचं पीठ संपायचं. खाली गिरणी सुरू झाली की तंबोरा नुसता दिवा लावून बसायचा, आवाज गिरणीचाच. शिवाय लोडशेडिंग होतंच. दोनचार महिने मी भांडून पाहिलं, मग माझ्या लक्षात आलं की गिरणीचाही एक सूर आहे. भरदार, अखंड आणि बिनभाड्याचा! मी पेटीवर ताडून पाहिलं, तर गहू चालू असताना गिरणी चक्क काळी एकला, म्हणजे माझ्याच पट्टीला, लागत होती. मला तर हा दैवी संकेतच वाटला. मी तंबोरा माळ्यावर टाकला आणि भिकाभाऊंच्या साथीने गाऊ लागलो.

वर्ष छान गेलं. दिवाळीत चकलीच्या भाजणीवर माझे आलाप असे काही खुलले, की आमची मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज बरं वाटलं ऐकायला." लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर आलेली ही दाद. मी ती अजून जपून ठेवली आहे.

मग थंडी पडली आणि विभागाच्या मैफलींचा हंगाम जवळ आला. दर हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी या मैफली व्हायच्या. एका शनिवारी विद्यार्थी, दुसऱ्या शनिवारी शिक्षक. आम्हा प्रौढांना त्यात फक्त खुर्च्या मांडायचा मान असे. पण त्या वर्षी विभागप्रमुख पाटणकर सरांनी आमचा वर्गच बंद करायचं मनात घेतलं. आमच्या खोलीत त्यांना सतारी ठेवायच्या होत्या. सतारी निदान गप्प तरी राहतात, असं ते म्हणाल्याचं कानावर आलं.

कुलथे मॅडम आयुष्यात पहिल्यांदा चिडल्या. त्यांनी सरांना सांगितलं की हंगामाच्या पहिल्याच मैफलीत माझा एक प्रौढ विद्यार्थी दहा मिनिटं गाईल. सुरात राहिला तर वर्ग चालू राहील, नाहीतर खोली तुमची. सरांनी ते हसत मान्य केलं. आता गाणार कोण? निवृत्त पोस्टमास्तरांची कवळी तार सप्तकात निसटायची. डॉक्टरीणबाईंना स्टेजवर घाम फुटायचा. उरलेल्यांनी लग्नकार्यं काढली. राहता राहिलो मी. एक आवाज मोठा, आणि दुसरं म्हणजे मला आपण किती वाईट गातो याची अजिबात कल्पना नव्हती. कलावंताला एवढं भांडवल पुरतं.

मंदाने लगेच दिंडोरीला माहेरी फोन केला. माझे सासरे द्राक्षबागायतदार. हंगाम म्हटलं की त्यांना फक्त द्राक्षांचा माहीत. त्यांनी आधी मला विचारलं की यंदा फवारणी कुठली घेतली. गाण्याचा हंगाम आहे म्हटल्यावर म्हणाले, "जावईबापू, माल बागंत कसा दिसतो त्याला काय अर्थ नाय. पेटीत भरल्यावर कळतं." आणि पेटीत भरलेला माल बघायला जीपभर माणसं घेऊन येतो म्हणाले.

मैफलीच्या आठवडाभर आधी मॅडमनी मला सभागृहात एकट्याला गायला बसवलं. मागे खरा तंबोरा, आजूबाजूला टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मॅडम म्हणाल्या, सा लावा. मी लावला. तो लागेना. वर्षभर एवढ्या गोंगाटात सापडणारा सा त्या शांततेत कुठे हरवला ते कळेना. कसाबसा अंतऱ्यापर्यंत आलो आणि तिथे माझा अख्खा आवाज हळूच खाली सरकला. मॅडमनी पुन्हा गायला सांगितलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. त्यांनी विचारलं की बरोबर इथेच का उतरता? मी म्हटलं, राग शांत होत असेल.

उत्तर मंदाने शोधून काढलं. संध्याकाळी मी गात असताना ती दळणाचा डबा घेऊन खाली गेली आणि वर येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही अंतऱ्याला येता तेव्हा भिकाभाऊ बाजरीचा डबा ओततात. गिरणीचा आवाज बसतो, तसा तुमचाही बसतो."

मी खिडकीत जाऊन ऐकलं. खरंच होतं. थंडी पडल्यापासून सगळी गल्ली भाकरीवर आली होती. जाधवकाकूंची बाजरी रोज त्याच वेळेला यायची आणि माझा अंतराही. गेले दोन महिने मी भूप शिकत नव्हतो, जाधवकाकूंची बाजरी शिकत होतो.

आता मला खरी भीती वाटली. माझं हसं झालं तर ठीक होतं, ते कचेरीत रोजच व्हायचं. पण माझ्यापायी पोस्टमास्तरांचा, डॉक्टरीणबाईंचा, सगळ्यांचाच वर्ग जाणार होता, आणि मॅडमचा शब्द जाणार होता. मी माळ्यावरचा तंबोरा काढला, तर त्यात उंदरांनी संसार थाटलेला. गच्चीवर गायलो. सोमेश्वरला जाऊन नदीकाठी गायलो. (तिथल्या कुत्र्यांनी फार सहकार्य केलं, पण त्यांची पट्टी वेगळी.) गिरणीशिवाय माझ्या गळ्याला काही सुचेना.

तेवढ्यात जीपची व्यवस्था सांगायला मंदाचा भाऊ संपत आला. संपत म्हणजे कुठल्याही अडचणीवर तारेच्या तुकड्याने इलाज करणारा माणूस. सगळं ऐकून तो म्हणाला, "दाजी, त्यात काय. गिरणी टेप करू. मी पडद्यामागं लावून बसतो. तुमाला ऐकू येईल, लोकाला नाय."

मला हे पटलं. यावरून माझ्या तेव्हाच्या अवस्थेची कल्पना यावी.

संपतने ट्रॅक्टरवरचा टेप काढून आणला. भिकाभाऊंना सांगितलं तर ते अंघोळ करून, टिळा लावून तयार. फक्त त्यांची एक अट होती. रिकामी गिरणी फिरवली तर दगड दगडाला खातो, तेव्हा त्यात सतत गहू पडला पाहिजे. म्हणून दिंडोरीहून गव्हाचं पोतं आलं. रेकॉर्डिंगच्या वेळी मी कचेरीत होतो आणि मंदा बाजारात. संध्याकाळी भिकाभाऊंनी कॅसेट हातात ठेवली आणि सगळा गहूच गहू आहे म्हणून गळ्याची शपथ घेतली. ती पूर्ण ऐकून बघावी असं आम्हा कोणालाही वाटलं नाही. अर्धा तास गिरणी कोण ऐकत बसणार?

शनिवार आला. सभागृह भरलं. त्यातलं अर्धं दिंडोरीहून आलं होतं. सासरे फेटा बांधून पहिल्या रांगेत, थेट पाटणकर सरांच्या शेजारी. मंदा त्यांच्या मागे. स्टेजवर तबला, पेटी, आणि माझ्या पाठीशी तंबोरा घेऊन स्वतः कुलथे मॅडम. त्यांना टेपचं काही सांगितलं नव्हतं. पडद्यामागून हळूच घरघर सुरू झाली आणि माझ्या जिवात जीव आला. मी सा लावला. अहो, काय लागला! पेटीवाल्याने मान डोलावली. पाटणकर सरांनी हाताची घडी सोडली. सासऱ्यांनी मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं, म्हणजे बघा, आमच्या लेकीचा नवरा. मॅडम तेवढ्या इकडेतिकडे बघत होत्या, पंखा वाजतोय की काय म्हणून.

अंतऱ्याला आलो आणि कॅसेटमध्ये जाधवकाकू आल्या.

"भिकाभाऊ, माझी बाजरी आधी घ्या हो, गॅसवर भाजी ठेवून आलेय." पाठोपाठ बाजरी ओतल्याचा आवाज, आणि गिरणी बसली. तिच्याबरोबर मीही बसलो. पेटीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं चालत्या रिक्षातून उतरणाऱ्याकडे बघतात. संपतला पडद्यामागे वाटलं की दाजींना ऐकू येत नाहीये. त्याने आवाज वाढवला. आता गिरणी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. त्यात टेपमध्ये त्याने बॅटरीतले जुने सेल घातले होते, ते उतरायला लागले. गिरणी आणखी खाली, मी तिच्या मागे. काळी एकवरून पांढरी एक, तिथून आणखी खाली. पेटीवाला काही पट्ट्यांपर्यंत माझ्या मागे आला, मग त्याने भाता बंद केला आणि हात जोडले. तबलजी मात्र सम आली की इमानाने वाजवत होता.

श्वास घ्यायला मी थांबलो. तेवढ्यात गिरणीच्या घरघरीवरून भिकाभाऊंनी आमच्या मंदाला मारलेली हाक आली, सेल उतरल्यामुळे जरा घोगरी, "वहिनी, पोत्यातला गहू बारीक का जाड?"

भिकाभाऊंनी पुन्हा विचारलं, "वहिनी, ऐकताय ना? बारीक का जाड?"

आणि दुसऱ्या रांगेतून मंदा, सोळा वर्षांच्या सवयीने, खणखणीत आवाजात म्हणाली, "बारीक, पण मैद्यासारखा नको."

"बरं," कॅसेटमधले भिकाभाऊ म्हणाले.

पुढची काही मिनिटं मला नीटशी आठवत नाहीत. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. सासऱ्यांनी फेटा काढून डोळे पुसले. संपतने घाबरून टेपचं बटण शोधलं, सापडेना तेव्हा सेलच उपटून काढले. गिरणी बंद पडली आणि माझ्याजवळ जगात कुठलाच सूर उरला नाही. वर्ग गेला, मॅडमचा शब्द गेला, उठून सरळ पंचवटी गाठावी आणि गोसाव्यांत जाऊन बसावं असं वाटलं.

तेवढ्यात पाठीमागून मॅडमनी तंबोरा माझ्या कानाशी आणला आणि हळूच म्हणाल्या, "आता फक्त हा ऐका."

मी ऐकला. वर्षभर ज्याच्यावर पीठ बसत होतं तो सूर मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. खरं सांगतो, रडू आलं. मी सा लावला आणि तो लागला. पुढचं काही आठवेना, म्हणून पुन्हा सा लावला. अशी उरलेली सगळी मैफल मी एका सा वर काढली आणि तबलजीच्या समेवर नमस्कार करून मोकळा झालो.

पाटणकर सर माईकपाशी आले. मला वाटलं, आता सतारी आत येणार. ते म्हणाले की गायक म्हणून या गृहस्थांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. ते गव्हात बरे गातात, बाजरीत उतरतात. पण उतरत्या सेलवरच्या गिरणीला शेवटपर्यंत न सोडणारा कान माझ्या दिवसाच्या वर्गात एकाकडेही नाही. सूर चुकीचा धरला, पण धरला तो सोडला नाही. तेव्हा हा वर्ग चालू राहील, मात्र यांनी रियाज इथे येऊन करावा. कुलथे मॅडमनी डोळे मिटून घेतले. या वेळी ती खरंच समाधी असावी. सासरे जीपमध्ये चढताना एवढंच म्हणाले, "माल बरा हाय, पेटी बदला."

तेव्हापासून मी विभागात जाऊन, खऱ्या तंबोऱ्यावर रियाज करतो. पुढच्या हंगामात मला पुन्हा खुर्च्या मांडायचं काम मिळालं, ते मी आनंदाने केलं.

पण विद्या वाया गेली नाही. भिकाभाऊंच्या गिरणीचा पट्टा सैल पडला की ते खालून हाक मारतात, "साहेब, जरा सा द्या." मी गॅलरीत उभा राहून काळी एकचा सा लावतो आणि गहू घातलेली गिरणी माझ्या सुराला मिळेपर्यंत ते पट्टा ताणतात. मोबदल्यात आमचं दळण फुकट. पोस्टमास्तर आता ठुमरीपर्यंत पोचलेत, डॉक्टरीणबाई रेडिओवर गाऊन आल्या. पण आमच्या वर्गात गाण्यावर पोट भरणारा मी एकटाच आहे.