दुसरी गोदावरी

पिपलानीच्या क्वार्टरांत कमलिनीला कोणी कमलिनी म्हणत नसे. सासूबाई "लीला" म्हणत, शेजारणी "लीला भाभी", आणि नवरा रीतीप्रमाणे "अगं ए". अच्युत बिजवर. पहिली बायको लीलावती बाळंतपणात गेली. दुसरीचं नाव ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहायची वेळ आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तेच लिही रे. तोंडात बसलंय." त्यानं निमूट तेच लिहिलं. भांड्यांवरचं कोरलेलं नाव खोडायला लागलं नाही, हा घराचा फायदाच म्हणायचा!

पुढे कोकणातलं त्यांचं गाव दोनदा वेगळ्या राज्यात गेलं, आणि कारखाना निघाला म्हणून बिऱ्हाड भोपाळला आलं. राज्यांना नवी नावं मिळाली. कमलिनीला मिळालं होतं जुनं, तेही पहिलीचं. ती भांडली नाही. भांडायलाही अंगात ताकद लागते. पाणी भरून, डबा करून, सासूबाईंचे पाय चेपून ती उरतच नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! नवऱ्यानं एकदा तरी आपल्या नावानं हाक मारावी, एवढीच तिची इच्छा होती.

एका रविवारी शेजाऱ्यांचा मेहुणा सुभाष चहाला आला. नौदलातला, रजेवर आलेला. लढाईच्या काळात अच्युत 'गोदावरी' या युद्धनौकेवर बॉयलरला होता. फाळणीत ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तोही नौदल सोडून घरी आला.

सुभाष खुशीत म्हणाला, "काका, मी तुमच्याच गोदावरीवर आहे!"

"माझी कराचीला गेली. तुझी दुसरी."

"पण नाव तेच ना? एक जहाज गेलं की तेच नाव नव्याला देतात. रीतच आहे."

"कसली रीत?" अच्युत भडकला. "नाव दिलं म्हणून ही ती होते का? तिच्या बॉयलरची धग माझ्या अंगाला ठाऊक आहे. गेली ती गेली. आणि जी आली, तिनं जन्मभर गेलेलीच्या नावानं हाका ऐकायच्या? दोघींवर अन्याय आहे हा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कमलिनी कपबशा घेऊन दारातच उभी होती.

"आणि माझ्यावर?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, तेवढं त्राणच नव्हतं.

सुभाषनं तिच्या हातातला कप घेऊन चहा घाईघाईनं संपवला आणि तो निघून गेला. अच्युत माणूस वाईट नव्हता, पण कधी विचारच केला नव्हता त्यानं.

"अगं," तो म्हणाला, "तुझं माहेरचं नाव काय गं होतं?"

या प्रश्नासाठी ती सहा वर्षं थांबली होती. तिनं सांगायला तोंड उघडलं, आणि ओठांवर आधी लीलावतीच आलं.